नियम अक्षरशः पाळू: एन्क्रिप्शन निर्यात-सूचना मोहिमेच्या प्रकल्प नोंदी, 2000 ते 2002

14 जानेवारी 2000, शुक्रवार

अमेरिकेचा नवा नियम आज फेडरल रजिस्टरमध्ये छापून आला आणि आजपासूनच लागू झाला. आपल्या कामाचा भाग निर्यात नियमावलीच्या कलम 740.13 (ई) मध्ये आहे. एन्क्रिप्शनचा, म्हणजे माहिती गुप्त करणाऱ्या प्रोग्रॅमचा, सोर्स कोड (माणसाने लिहिलेला मूळ मजकूर) निर्यात-यादीतल्या 5डी002 या वर्गात मोडत असेल, कुणालाही खुला असेल आणि त्यावरून बनवलेल्या मालावर परवाना शुल्क किंवा रॉयल्टी देण्याचा करार नसेल, तर तो टीएसयू नावाच्या सवलतीखाली परवान्याशिवाय आणि तपासणीशिवाय देशाबाहेर जाऊ शकतो. अट अशी, की निर्यातीच्या वेळेपर्यंत व्यापार खात्याच्या बीएक्सए या ब्युरोला लेखी कळवायचं. इंटरनेटवरचा पत्ता कळवा, नाहीतर सोर्स कोडची प्रत द्या. त्याच पत्राची एक प्रत ईएनसी एन्क्रिप्शन रिक्वेस्ट कोऑर्डिनेटरला, म्हणजे एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेकडे.

1994 च्या मानाने हे पुष्कळच बरं आहे. तेव्हा फिल कार्न यांना परराष्ट्र खात्याने कळवलं होतं, की क्रिप्टोग्राफीचं छापील पुस्तक खुशाल बाहेर पाठवा, पण त्याच पुस्तकातल्या कोडची फ्लॉपी शस्त्रास्त्रांच्या यादीत येते. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या सरकारविरुद्धच्या खटल्यात गेल्या मे महिन्यात नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाच्या न्यायपीठाने सोर्स कोड हे अभिव्यक्तीचं माध्यम मानलं. सप्टेंबरमध्ये फेरसुनावणीसाठी तो निकाल मागे घेतला गेला. आता परवाना गेला, पण वर्दी राहिली. गणिताचा एक लेख प्रसिद्ध करायचा तर आधी गुप्तचर संस्थेला पत्र लिहा, ही अट आम्हाला मान्य नाही.

मार्ग ठरला तो कायदेभंगाचा नाही. मोटरमननी ‘नियमानुसार काम’ पुकारलं की मुंबईची लोकल कोलमडते, आणि कुणी कुठलाही नियम मोडलेला नसतो. तसंच इथे: जो जो कोड प्रसिद्ध करेल त्याने स्वतःच्या नावाने कळवायचं, प्रत्येक बदल कळवायचा, आणि पत्ता न देता पूर्ण प्रत द्यायची. हा पर्याय नियमानेच दिला आहे.

16 जानेवारी, रविवार

संच कशाचा करायचा? पहिली अट, तो खरोखर 5डी002 मध्ये बसला पाहिजे. सममित किल्ली 56 बिटांपर्यंतची असेल तर नव्या व्यवस्थेत ते प्रकरण हलक्या वर्गात जातं आणि या सूचनेची गरज उरत नाही. म्हणजे साधा डीईएस ही 56 बिटांची जुनी पद्धत चालणार नाही. नुसता एसएचए-1 हा हॅश (मजकुराचा ठसा काढणारी क्रिया) सुद्धा नाही. हॅश किंवा डिजिटल सही ही गुप्तता राखणारी क्रिया नव्हे. गरज नसताना पत्र पाठवलं तर ते पालन ठरत नाही, ती नुसती रद्दी होते, आणि मोहिमेचा सगळा जोर तिथेच जातो.

दुसरी अट पेटंटची. आयडिया ही एन्क्रिप्शन पद्धत पेटंटखाली आहे, आरएसए या दुसऱ्या पद्धतीचं अमेरिकी पेटंट येत्या 20 सप्टेंबरपर्यंत आहे. दोन्ही बाद.

उरते ती ब्लोफिश ही एन्क्रिप्शन पद्धत. 1993 सालचा, पेटंट नसलेला, 64 बिटांचा ब्लॉक, 16 फेऱ्या, किल्ली 32 ते 448 बिट. आपण 128 बिट ठेवतो आहोत. त्याच्या तक्त्यांत 32 बिटांचे 1042 शब्द असतात: 18 पी-तक्त्यात आणि 256 चे चार एस-बॉक्स. हे सगळे अंक म्हणजे पाय या संख्येच्या अपूर्णांकाचे हेक्स अंक, 243एफ6ए88 पासून ओळीने. ज्या ‘वस्तू’च्या निर्यातीबद्दल खात्याला कळवायचं आहे तिचा मोठा भाग पायचे अंक आहे, हे पत्र वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आलंच पाहिजे. म्हणून तक्ते वेगळ्या फाइलीत, ओळीला चार शब्द.

संचात तक्ते, ब्लोफिश, सीबीसी मोड (ब्लॉक एकमेकांत गुंतवण्याची पद्धत), पासफ्रेजसाठी एसएचए-1, फाइल गुप्त करणारी छोटी आज्ञा आणि चाचणी. सगळं मिळून 1400 ओळींच्या आसपास. परवाना बीएसडी धाटणीचा. ‘व्यावसायिक वापरासाठी शुल्क’ असं कलम कुणी घातलं तर संच टीएसयूतून बाहेर पडतो, तेव्हा परवान्याच्या मजकुराला हात लावायचा नाही.

टारबॉलमध्ये, म्हणजे सगळ्या फाइलींच्या एकत्र गठ्ठ्यात, ऑब्जेक्ट फाइल, एक्झिक्युटेबल, आरपीएम पॅकेज यांतलं काहीही नको. सवलत सोर्स कोडला आहे, त्यातून तयार झालेल्या चालत्या प्रोग्रॅमला, म्हणजे बायनरीला नाही. टार करण्याआधी ‘मेक डिस्टक्लीन’, आणि टार झाल्यावर यादी काढून डोळ्यांनी तपासणी. चाचणीचं चालतं प्रोग्रॅमरूप फोल्डरमध्ये राहून जातं, ही नेहमीची चूक.

20 जानेवारी, गुरुवार

पत्राचा मसुदा पक्का झाला. क्रम असा:

विषयाच्या ओळीत ‘टीएसयू सूचना’, संचाचं नाव, आवृत्ती. मग पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव आणि टपालाचा पत्ता. मग एकच वाक्य: खाली दिलेला सोर्स कोड कलम 740.13 (ई) प्रमाणे खुला करत आहे, त्याची प्रत जोडली आहे. मग फाइलींची यादी. प्रत्येकीची बाइटसंख्या आणि एमडी5 (फाइल बदलली की बदलणारा ठसा). बदललेली आवृत्ती असेल तर काय बदललं ते दोन ओळींत. शेवटी तारीख आणि सही.

त्यात टोमणा, घोषणा, शिवी काही नको. निषेध काय आहे तो ज्याने त्याने आपल्या पानावर लिहावा. सरकारी पत्रात फक्त नियम मागतो तेवढंच, पण ते पूर्ण. खात्याच्या टपाल पेटीत एकसारख्या, अचूक, नावानिशी आलेल्या पत्रांचा गठ्ठा पडतो तेव्हा तो कुणाला खोडसाळ म्हणता येत नाही.

बीएक्सएची प्रत ईमेलने, क्रिप्ट ॲट बीएक्सए डॉट डीओसी डॉट गव्ह या पेटीकडे. एनएसएची प्रत टपालाने.

एक प्रश्न सारखा येतो: उत्तराची वाट पाहायची का? नाही. नियम ‘निर्यातीच्या वेळेपर्यंत कळवा’ म्हणतो. मंजुरी हा शब्द त्यात नाही. पत्र गेलं, मग कोड खुला झाला, बस्स. क्रम मात्र उलटा होता कामा नये.

23 जानेवारी, रविवार

ईमेलमधून सी भाषेचा कोड धड पोचत नाही. चाचणीच्या पेट्यांकडे पाठवून पाहिलं, तर एमडी5 जुळले नाहीत. कारणं वेगवेगळी निघाली, आणि प्रत्येकाचा उपाय निराळा, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

कोड थेट पत्राच्या मजकुरात टाकला आणि मेल प्रोग्रॅमने क्वोटेड-प्रिंटेबल हे रूपांतर लावलं, तर प्रत्येक बरोबरच्या चिन्हाचं ‘=3डी’ होतं आणि 76 अक्षरांपुढच्या ओळी तुटतात. वाचणाऱ्याचा प्रोग्रॅम ते उलगडतो, पण पेटीतून सरळ छापलं तर छपाई बिघडते. दुसरं, कॉमेंटमधली एक ओळ इंग्रजी ‘फ्रॉम’ या शब्दाने सुरू होत होती. एमबॉक्स पेटीत अशा ओळीआधी बाणाचं चिन्ह लागतं. तिसरं, टॅबच्या ठिकाणी साध्या स्पेस आल्या. चौथं आमच्याच हौसेचं: पत्रावर जीपीजी या प्रोग्रॅमची क्लिअरसाइन (मजकुरातच डिजिटल सही) केली की डॅशने सुरू होणाऱ्या ओळींपुढे आणखी एक डॅश येतो, आणि कोडच्या विभाजक रेषा नेमक्या तशाच होत्या.

आता पद्धत ठरली. टार-जीझिपचा गठ्ठा, एमआयएमई जोडपत्र म्हणून, बेस64 या अक्षररूपात. बेस64 ने आकार साधारण एक तृतीयांश वाढतो; इतक्या लहान संचाला त्याने काही बिघडत नाही. सही वेगळ्या फाइलीत. स्वतःला बीसीसी करायची आणि आलेल्या प्रतीवरून, पाठवलेल्या नव्हे, एमडी5 तपासायचा.

पुरावा म्हणून सेंडमेल या मेल प्रोग्रॅमच्या लॉगमधली ‘स्टॅट=सेंट’ असलेली ओळ आणि मेसेज-आयडी जपायचा. निर्यातीच्या नोंदी पाच वर्षं ठेवाव्या लागतात, तेव्हा या ओळी सहभागींनी 2005 पर्यंत सांभाळायच्या आहेत. इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरवरून पत्र जात असेल तर लॉग हाती येत नाही; तिथे बीसीसीची प्रत सर्व हेडरसकट ठेवावी.

29 जानेवारी, शनिवार

कागदी प्रत. याच्यावर वेळ घालवण्यासारखं आहे, कारण नियमातली विसंगती इथे हातात धरता येते. छापील पुस्तकातला कोड या नियमावलीच्या कक्षेतच येत नाही. तोच मजकूर फ्लॉपीवर किंवा वेबवर गेला की वर्दी द्या. 1997 मध्ये पीजीपी 5.0 या एन्क्रिप्शन प्रोग्रॅमचा सोर्स पुस्तकरूपाने, सहा हजारांहून जास्त पानं, अमेरिकेबाहेर नेला गेला आणि युरोपात स्कॅन करून पुन्हा उभा केला गेला. तेही संपूर्ण कायदेशीर. त्यासाठी प्रत्येक ओळीला चेकसम (तपासणीचा अंक) छापला होता, म्हणून ओसीआरची (स्कॅनवरून अक्षरं ओळखण्याची) चूक नेमकी कुठल्या ओळीत आहे ते कळायचं. तीच कल्पना आपण उचलली.

छपाई: ‘पीआर’ आज्ञेने ओळक्रमांक घालून, पानाला 60 ओळी, कुरियर 10 पॉइंट. 1400 ओळींची 24 पानं होतात, पाठपोट 12 कागद. डाव्या समासात ओळीचा चार अक्षरी सीआरसी चेकसम. शून्य आणि ओ, एक आणि लहान एल यांत फरक न दिसणारा फाँट वापरायचा नाही. हेक्स अंक मोठ्या लिपीत छापले तर बी आणि 8 यांची गल्लत वाढते, लहान लिपीत कमी होते. छापलेल्या तक्त्याचं ओसीआर करून हे पाहिलं.

टपालखर्च: 20 पौंडी लेटर कागदाचं 500 चं रीम 5 पौंडांचं, म्हणजे एक कागद 0.16 औंस. 12 कागद 1.92 औंस. न दुमडता जाणारं 9 बाय 12 चं पाकीट धरून दोन औंसांच्या वर, तीनच्या आत. पहिल्या औंसाला 33 सेंट, पुढच्या प्रत्येकाला 22. एकूण 77 सेंट. दोन औंसांचीच तिकिटं लावली तर पाकीट परत येतं, आणि तोवर कोड खुला केलेला असेल तर सूचना वेळेत पोचली नाही असं म्हणायला जागा राहते. पोस्टात वजन करूनच टाकावं, सर्टिफाइडची पावती घ्यावी. पावतीवरचा शिक्का हीच तारीख.

5 फेब्रुवारी, शनिवार

सीव्हीएसचा, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा, पेच सुटला. अनामिक पीसर्व्हर (कुणालाही वाचू देणारा प्रवेश) चालू असेल तर कमिट होताच, म्हणजे बदल भांडारात नोंदताच, नवा कोड जगाला खुला होतो, म्हणजे त्या सेकंदाला निर्यात झाली. मग सूचना कमिटच्या आधी हवी.

पहिला विचार सीव्हीएसच्या कमिटइन्फोचा होता. कमिटआधी तो प्रोग्रॅम चालतो आणि शून्येतर उत्तर आलं तर कमिट थांबतं. त्यात दोन अडचणी. तो दर डिरेक्टरीला वेगळा चालतो, त्यामुळे दोन डिरेक्टऱ्यांतल्या एका बदलाची दोन अर्धवट पत्रं जातात. आणि पत्र गेल्यावर कमिट कुठल्याही कारणाने अडलं, तर कधीच न आलेल्या आवृत्तीची सूचना सरकारदरबारी पडते. खोटं पत्र एकही जाता कामा नये, हा पहिला नियम. लॉगइन्फो कमिटनंतर चालतो, म्हणजे उशीर.

म्हणून भांडारं दोन केली. कामाचं भांडार बंद, फक्त एसएसएच या सुरक्षित जोडणीने. वाचकांचं भांडार वेगळ्या डिरेक्टरीत, अनामिक प्रवेश फक्त तिथे. मध्ये दर रात्री चालणारी स्क्रिप्ट:

क्रिप्टो डिरेक्टरीत गेल्या प्रतीपासून फरक आहे का ते पाहते. नसेल तर थेट आरसिंक, म्हणजे वाचकांच्या भांडारात प्रत. असेल तर टारबॉल करते, एमडी5 काढते, पत्र पाठवते, मेल लॉगमध्ये त्या मेसेज-आयडीची ‘सेंट’ ओळ दिसेपर्यंत थांबते आणि मगच आरसिंक करते. तासाभरात ओळ दिसली नाही तर काहीही खुलं न करता थांबते आणि आम्हाला कळवते. पत्राची रांग अडली तर नवा कोड एक दिवस उशिरा जातो, एवढंच. एनएसएची कागदी प्रत मात्र माणसाच्याच हातून जाते. ती पोस्टात पडल्याची खूण म्हणून एक फाइल हाताने तयार करावी लागते आणि स्क्रिप्ट ती शोधते.

वाचा-मला फाइल, मेकफाइल, शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या यांना सूचना नाही. कोडमधली कॉमेंट बदलली तर? नियमात सुधारित आवृत्तीबद्दल काही लिहिलेलं नाही. आमचं वाचन कडक आहे: क्रिप्टो डिरेक्टरीतली फाइल एका बाइटने बदलली तरी ती वेगळी प्रत, तेव्हा वेगळं पत्र. मोहिमेचा कणा हाच.

होम पेजवर ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना. फाइल आधी 0700 च्या (फक्त मालकाला खुल्या) फोल्डरमध्ये चढवा, पत्र पाठवा, मग 0755 (सर्वांना खुलं) करा. सार्वजनिक फोल्डरात आधी चढवून नंतर दुवा दिला तरी फाइल खुली झालेलीच असते.

12 फेब्रुवारी, शनिवार

आपल्यातले पुष्कळ जण एच-1बी या कामाच्या व्हिसावर अमेरिकेत आहेत, दोघे पुण्यातून काम करतात. त्यांच्यासाठी स्पष्ट लिहायला हवं.

जानेवारीच्या बदलांनी अमेरिकी कंपन्यांत एन्क्रिप्शनवर काम करणाऱ्या परदेशी नागरिकांना परवाना लागणार नाही असं केलं. हा दिलासा खरा आहे. पण तिथे उल्लेख कंपन्यांचा आहे, हौशी गटाचा नाही. म्हणून सुरक्षित बाजू घेतली: कामाच्या भांडारात नागरिक आणि ग्रीनकार्डवाले, बाकीचे वाचकांच्या भांडारावरून पॅच पाठवतील. एकाच टेबलाशी बसलेल्या दोन मैत्रिणींपैकी एकीला आजचा कोड आज दिसतो, दुसरीला सूचना गेल्यावर. हे अपमानास्पद आहे आणि आम्ही ते दडवत नाही. प्रत्येक सहभागीच्या पानावर ही व्यवस्था जशीच्या तशी लिहिलेली असेल.

पुण्याचं प्रकरण याहून विचित्र. पुण्यात लिहिलेला पॅच भारतीय. तो कॅलिफोर्नियातल्या सर्व्हरवर आला की अमेरिकेतली वस्तू झाला. तिथून त्याच्या लेखकाने पुण्यात तो परत उतरवून घेतला की निर्यात! सीबीसीमधल्या शेवटच्या अपुऱ्या ब्लॉकची दुरुस्ती अशीच आली: जायला-यायला काही मिनिटं, मध्ये 24 पानांचं पाकीट. ते पत्र नमुना म्हणून जपून ठेवलं आहे.

26 फेब्रुवारी, शनिवार

सहभागींच्या शंकांमधून जे पुन्हा पुन्हा येतं ते:

क्यूबा, इराण, इराक, लिबिया, उत्तर कोरिया, सुदान, सीरिया इथे जाणूनबुजून पाठवायचं नाही. पण कुणीही उतरवू शकेल अशा ठिकाणी कोड ठेवणं म्हणजे ‘जाणूनबुजून’ नव्हे, हे नियमातच आहे. म्हणून ‘मी त्या देशात नाही’ असं विचारणारा फॉर्म लावू नका. नियम मागत नाही ते आपण होऊन द्यायचं नाही. नाहीतर उद्या तीच प्रथा होते.

एकच पत्र शंभरदा पाठवू नका. स्क्रिप्टने पेटी भरून टाकणं हा हल्ला झाला. एक माणूस, एक प्रसिद्धी, एक पत्र. संख्या माणसांनी वाढू दे.

दुसऱ्याच्या नावाने, टोपणनावाने पत्र नको. नाव द्यायला तयार नसलेल्याने कोड उतरवून वापरावा, ठेवू नये.

परदेशातून आणलेला कोड, उदाहरणार्थ जर्मनीत लिहिलेला जीपीजी, आपल्या पानावर ठेवत असाल तर त्याचीही सूचना द्या. आयातीला अडकाठी नाही, पुन्हा बाहेर जाण्याला आहे.

5 एप्रिल, बुधवार

काल सहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने जंगर खटल्यात निकाल दिला: सोर्स कोड हे कल्पना मांडण्याचं माध्यम आहे, म्हणून पहिल्या घटनादुरुस्तीचं संरक्षण त्याला लागू होतं. पीटर जंगर हे कायद्याचे प्राध्यापक. विद्यार्थ्यांसाठी वेबवर ठेवायच्या कोडवरून हा वाद उभा राहिला. नियम रद्द झालेला नाही, नव्या नियमांच्या प्रकाशात विचार व्हावा म्हणून प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत गेलं. सूचना चालूच. पत्राच्या मसुद्यात बदल नाही.

20 ऑक्टोबर, शुक्रवार

कालच्या फेडरल रजिस्टरमध्ये सुधारणा आली. अशा खुल्या सोर्सपासून बनवलेली, फुकट दिली जाणारी बायनरीही आता टीएसयूखाली जाऊ शकते. म्हणजे आरपीएम ठेवायला हरकत नाही. ‘डिस्टक्लीन’ची अट काढली. बायनरीसाठी वेगळं पत्र नाही, सोर्सचं गेलेलं असलं की पुरे.

त्याच आठवड्यात, 17 ऑक्टोबरला, भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला. त्याच्या कलम 69 प्रमाणे आदेश आल्यावर माहिती उलगडून द्यायला मदत न करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. पुण्याच्या दोघांनी हे कलम आपल्या पानावर अमेरिकी नियमाशेजारी लावलं आहे. तिथे पत्राने भागतं, इथे तुरुंग. दोन्हीकडे गुपित राखणाऱ्यानेच आधी खुलासा करायचा.

27 एप्रिल 2002, शनिवार

डेबियन या लिनक्स वितरणाने गेल्या महिन्यापासून क्रिप्टो पॅकेजं मुख्य भांडारात आणायला सुरुवात केली. इतकी वर्षं ती अमेरिकेबाहेरच्या ‘नॉन-यूएस’ भांडारात वेगळी ठेवावी लागत. वकिलाचा लेखी सल्ला घेऊन त्यांनी जी पद्धत लावली ती आमच्यासारखीच, पण फार मोठ्या प्रमाणावर: कुठल्याही पॅकेजात पुढे क्रिप्टो येऊ शकतं, म्हणून नवीन येणाऱ्या प्रत्येक पॅकेजची सूचना, भांडार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरनेच पाठवलेली. खेळ असो, फाँट असो, पत्र जाणार. त्यांचा हेतू निषेधाचा नाही, निर्धास्त राहण्याचा आहे; तरी नियम मनापासून पाळला तर काय होतं, हे आता रोजच्या टपालात दिसेल.

बीएक्सएचं नाव या महिन्यात बदलून बीआयएस झालं. स्क्रिप्टमधला पत्ता, पत्राचा मायना आणि पाकिटावरची लेबलं बदलायची आहेत. जुन्या पेटीकडे गेलेलं पत्र लॉगमध्ये ‘सेंट’ दिसेल, पण ते नव्या पेटीत पोचलं असं त्यावरून धरता येत नाही. तेव्हा पत्ता बदलेपर्यंत रात्रीची स्क्रिप्ट बंद ठेवली आहे.